तीनदा खोललेली मोटर

आईचं ऑपरेशन सोमवारी सकाळी आठला होतं, आणि रविवारी साडेदहाला बसमधून उतरून मी मावशीच्या दुकानापाशी पोचले तेव्हा मला दिसले ते फक्त तिचे पाय. गाडीचं दार सताड उघडं, दारातून बाहेर आलेले लोकरी मोज्यांतले दोन पाय, आणि बाकीची मावशी आत, डॅशबोर्डच्या खाली उताणी. वय वर्षं अडुसष्ट.

“मावशी, मी आले.”

“पाने मांडून ठेवलेत, त्यांना हात लावू नकोस,” आतून आवाज आला. “आणि बोलू नकोस. मोजतेय.”

काय मोजत होती देव जाणे. तिथं स्क्रू असतात चार.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आईचा राग पोटात असतो, माझा नाकावर. आणि त्या दिवशी तर माझ्याकडे वेळच नव्हता. आईच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती. हॉस्पिटल घाटापलीकडच्या शहरात, गाडीनं अडीच तास. शनिवारी संध्याकाळी आईनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “ताईला आण. उद्या सहाच्या आत.” सहानंतर वॉर्डात कुणाला सोडत नाहीत आणि सकाळी सहालाच तिला तयारीसाठी नेणार होते. ताई म्हणजे आईची सख्खी थोरली बहीण, हीच ती डॅशबोर्डखालची. दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. झडपेचं काय होईल ते डॉक्टरांच्या हातात होतं, पण त्याआधी या दोघींना समोरासमोर आणणं माझ्या हातात होतं, आणि माझ्याजवळ साडेसात तास होते.

“निघायचं कधी?” मी विचारलं.

“ही बसवली की निघू.”

ही म्हणजे हीटरच्या पंख्याची मोटर. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली, शेवाळी रंगाची, गोल दिव्यांची. सगळे तिला म्हातारी म्हणतात आणि मावशीला ते आवडत नाही. काका गेले तरी मावशीनं ती विकली नाही, कारण मावशीला दुसऱ्या कुणी चालवलेली गाडी लागते. बस लागते, टॅक्सी लागते, एकदा तर लिफ्टसुद्धा लागली होती. स्वतः चालवली की काही होत नाही. म्हणजे जायचं तर म्हातारीनंच. आणि थंडीच्या दिवसांत घाटात वर चढलं की काचेवर आतून अशी वाफ धरते की समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. हीटरचा पंखा गरम हवा काचेवर मारतो, मग काच मोकळी होते. तो पंखाच अडकून बसला होता. मागच्या हिवाळ्यात असंच धुकटलेल्या काचेतून बघताना तिनं गाडी कडेच्या चरात घातली होती. तेव्हा हीटरशिवाय निघायचं नाही, हे मलाही पटलं होतं. निदान सकाळी पटलं होतं.

मावशीला अख्खं गाव मावशीच म्हणतं, त्यामुळे माझ्या हक्काच्या शब्दाला काही भाव उरलेला नाही. ती मोटरी भरते. म्हणजे पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या मोटरी जळल्या की आतली करपलेली तार काढायची आणि नवी तार वेढ्यावर वेढा मोजून गुंडाळायची. धंदा खरं म्हणजे काकांचा. त्यांचे डोळे अधू झाले तशी ती भाजी चिरता चिरता त्यांच्यासाठी वेढे मोजायला लागली, मग भाजी काका चिरायला लागले आणि तार हिच्या हातात आली. चाळीस वर्षं झाली त्याला. लहानपणी सुट्टीत इथं आले की पहिला नियम असायचा: मावशीचे ओठ हलत असतील तर बोलायचं नाही. मोजणी चुकली की ती सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा मला विंचू दिसला तरी मी गप्प उभी होते. मोजणी संपल्यावर सांगितलं, तर म्हणाली, “शहाणी गं माझी पोर,” आणि मग चपलेनं विंचू मारला.

पायाला भिंगरी म्हणजे काय ते बघायचं तर हिला बघावं. उभ्यानं जेवते, फोनवर बोलताना दुकानाच्या फेऱ्या मारते, चहा करते आणि कप कुठं ठेवला ते विसरते. शोधायला जावं तर कप तारेच्या रिळांमागे गार झालेला सापडतो. आणि बदलणं म्हणून काही तिला मान्यच नाही. कुणी नवी मोटर विकत घेऊन “एवढी बसवून द्या” म्हणत आला की त्याची शाळा घेते. “जुनीला काय झालंय? दाखव आधी जुनी.” बहुतेकांना लाजून घरी जाऊन जुनी आणावी लागते.

गुरुवारी मी तिला ऑपरेशनचं फोनवर सांगितलं, तेव्हाही पहिलं वाक्य हेच. “बदलतात कशाला? दुरुस्त होत नाही का?”

“मावशी, ती झडप आहे. पाण्याचा नळ नाही.”

बराच वेळ तिच्या पावलांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “येते. मोटर तेवढी भरून येते.”

हेच वाक्य ती तीन वर्षांपूर्वी बोलली होती. आजी, म्हणजे या दोघींची आई, आमच्या घरी शेवटच्या घटका मोजत होती, आईनं फोन केला, “ताई, लगेच नीघ.” हिच्या टेबलावर कुणाच्या तरी पंपाची मोटर होती. “एवढी भरून येते,” म्हणाली. ती पोचली तेव्हा आजीला नेऊन दोन तास झाले होते. आईनं तिला उंबऱ्यातच अडवलं आणि चारचौघांसमोर म्हणाली, “आता कशाला आलीस? जा, मोटरी भर.” मावशी तिथूनच वळली. तेव्हापासून दोघींचा पत्रव्यवहार म्हणजे मी. ‘तुझ्या आईला सांग’ आणि ‘तुझ्या मावशीला म्हणावं’ या दोन वाक्यांनी माझी तीन वर्षं खाल्ली.

तर रविवारी मी दुकानात स्टुलावर बसले. बसले कसली, उठबस करत होते. अकरा वाजले. मोटर अजून गाडीच्या बाहेरच होती. मावशी डॅशबोर्डखाली मोटर बसवायची जागा पुसत होती. पंख्याचं पातं घासलं, पंख्याचा डबा झटकला, डब्यातून सुकलेली पानं निघाली, ती तिनं एक एक करून उचलली. मी म्हटलं, मी उचलते. “तुला दिसणार नाहीत,” म्हणाली. साडेअकरा. मोटरीच्या दांड्याला तेलाचे दोन थेंब. दांडा बोटांनी फिरवून कानाशी धरला. पुन्हा एक थेंब. दांडा पुसला. मी घड्याळाकडे बघते, ती माझ्याकडे बघते, आणि घाईघाईनं काहीतरी हुडकायला आत जाते. येते ती भलतंच काहीतरी घेऊन. एकदा तर हातात लाटणं होतं. “हे कशाला?” म्हटलं, तर स्वतःच लाटण्याकडे बघत राहिली.

बाराला आईचा फोन आला. आवाज एकदम ठणठणीत. “पाण्याची टाकी बघितलीस का? गॅलरीच्या दाराची कडी नीट बसत नाही, वर उचलून लाव. आणि विम्याचे कागद निळ्या पिशवीत आहेत.” अशा सूचना ती आठवडाभर देत होती, ऑपरेशन जणू माझंच आहे अशा थाटात. मग जरा थांबून म्हणाली, “निघालात का?”

“निघतोय,” मी सरळ खोटं बोलले.

“घाटात सावकाश चालव म्हणावं तिला.”

मी फोन ठेवून मावशीला निरोप दिला. ती हातात मोटर घेऊन उभी होती. क्षणभर अजिबात हलली नाही. मला आठवतंय, कारण तिला असं निश्चल मी कधी पाहिलेलं नव्हतं. मग म्हणाली, “बारीक पान्यापेक्षा जरा मोठा हवा होता,” आणि तरातरा आत गेली.

दीड वाजता मोटर डब्यात बसली. चार स्क्रू आवळायला तिला पस्तीस मिनिटं लागली. मी ओठ चावत होते. नेमका तेव्हाच पार्टवाला आला. हा जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो, सायकलवरून फिरतो, मावशीच्या दुकानावरून जाताना चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाही. गाडीत डोकं घालून म्हणाला, “मावशी, अजून इथंच? मला वाटलं गेला असाल.”

“मोटर व्हायचीय,” मी चिडून म्हटलं.

“व्हायची म्हणजे? परवाच झाली होती की! मी शुक्रवारी मोटरीचे कार्बन द्यायला आलो तेव्हा फिरत होती. असा वारा, माझी टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली.”

मी मावशीकडे बघितलं. मावशी स्क्रूकडे बघत होती.

“आवाज येत होता,” ती म्हणाली.

“कसला आवाज? मांजर झोपलेलं असतं तशी शांत होती,” पार्टवाला म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. “काल पण खोलून बसला होता तुम्ही. तार नवी घालत होता.”

“जुनी तार मनासारखी नव्हती.”

शुक्रवारी चांगली चालणारी मोटर हिनं शनिवारी खोलून पुन्हा भरली होती आणि रविवारी पुन्हा उघडली होती. मी हिशेब लावत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. पण म्हटलं जाऊ दे, आता बसलीय ना, आता निघू. “लाव किल्ली,” मी म्हटलं.

तिनं किल्ली फिरवली, बटण ओढलं. मोटर फिरली. घुर्र असा आवाजही आला. पण काचेखालच्या फटीवर हात धरला तर कुणीतरी लांबून फुंकर घालावी एवढाच वारा. पार्टवाल्यानं तळहात धरला, वाकला, टॉर्चनं डब्यात बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मावशी, ही उलटी फिरतेय.”

तारा गुंडाळून झाल्या की आतली टोकं जोडायची असतात. ती इकडची तिकडे जोडली गेली की मोटर फिरते, पण उलट्या दिशेनं. मग पंखा हवा नुसती घुसळत बसतो. मोटर भरायला शिकणाऱ्याची ही पहिल्या आठवड्यातली चूक. आणि ती केली होती चाळीस वर्षं मोटरी भरणाऱ्या मावशीनं. पार्टवाला खाली मान घालून सायकलची घंटी पुसायला लागला.

मी तिचं तोंड बघितलं. वाटलं होतं शरमेनं काळवंडलं असेल. तसं काही नव्हतं. उलट जीव भांड्यात पडल्यासारखी दिसली. स्क्रू ड्रायव्हर तर हातात आलाही होता. “उलटीच आहे. खोलते. दोन तासांत करते बघ.”

दोन वाजले होते. दोन तास म्हणजे चार, पुढं अडीच तास घाट. साडेसहा.

आणि मग मला एकदम सगळं समजलं, आणि माझा तोल गेला.

“ठेव तो खाली!” मी ओरडले. रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात धरून दारात आला, इतकी ओरडले. “तुला ही मोटर चालायलाच नकोय! चालली तर जावं लागेल ना! म्हणून खोलतेस, बंद करतेस, परत खोलतेस. आजीच्या वेळी हेच केलंस. आई मेली तरी तू स्क्रूच आवळत बसशील!”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. शब्द काही परत घेता येत नाहीत. पार्टवाला म्हणाला, “अहो ताई...”

मावशीनं स्क्रू ड्रायव्हर सीटवर ठेवला. मग उचलून पान्यांच्या ओळीत, त्याच्या जागेवर ठेवला. हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

“अशी उलटी मोटर घेऊन मी रस्त्यावर जाऊ?” ती म्हणाली. “माझ्या हातची?”

“हो.”

“काच निम्मी पण मोकळी होणार नाही.”

“मी पुसते. घाट संपेपर्यंत पुसते.”

पार्टवाला पुढं सरसावला. त्यानं न्हाव्याकडून साबणाची कोरडी वडी आणली आणि काच आतून घासून वर कोरड्या फडक्यानं चोळली. यानं वाफ कमी धरते म्हणे. मावशी दुकानाला कुलूप लावायला गेली, कुलूप ओढून बघितलं, दोन पावलं आली, परत जाऊन ओढलं. तिसऱ्यांदा वळायला लागली तशी मी तिचा दंड धरला आणि तिला गाडीत बसवलं. सव्वादोन.

घाटात वर गेलो तशी वाफ धरायला लागलीच. उलटी मोटर घुरघुरत होती, तिच्या वाऱ्यानं काचेवर चहाच्या बशीएवढी जागा मोकळी राहायची आणि मावशी पुढं वाकून त्या बशीतून रस्ता बघायची. बाकीची काच मी पुसत होते. पुसून हात मागं घेईस्तोवर पुन्हा धुरकट. वळणावर समोरून ट्रक आला की ती “पूस, पूस, पूस” म्हणायची आणि मी तिच्या तोंडासमोर फडकं फिरवायचे. भीतीही वाटत होती आणि रागही गेला नव्हता. माफी मागायची होती. फडकं पिळत राहिले.

घाटमाथ्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी पंपाची मोटर दुपारी एकलाच झाली होती.”

मी फडकं थांबवलं.

“पूस. माझी आई जाताना मला बघवलं नसतं. वाटलं, उशीर झाला तर बरंच. आणि खरंच उशीर झाला.” बशीतून नजर न काढता ती बोलत होती. “तुझ्या आईला हे कुणी सांगितलेलं नाही. ती समजते मी कामाला किंमत दिली. समजू दे म्हटलं. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.”

“मघाचं मी उगाच बोलले, मावशी.”

“उगाच कुठं? खरंच होतं. पूस.”

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली. लिफ्ट नको म्हणून चार मजले चढलो. वॉर्डाबाहेरच्या बोळात मावशी सूचनांचा फलक वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. मग पाणी प्यायली. मग अंगातल्या कोटाची बटणं लावली, वरचं काढलं. वीस मिनिटं अशीच गेली. मी या वेळी काही ओरडले नाही. नुसता दरवाजा उघडून धरला.

आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. हातात सलाईनची सुई, केस नर्सनं घट्ट विंचरून बांधलेले, त्यामुळे चेहरा एवढासा दिसत होता. तिनं मान वळवली. मावशी पलंगाच्या पायथ्याशी, लोखंडी कठडा धरून उभी राहिली. पुढं येईना. तिचे ओठ हलत होते आणि मला माहीत होतं की ती मोजतेय.

मग ती म्हणाली, “धाकटे, मी मुद्दाम उशीर केला होता. तेव्हा. आईच्या वेळी. काम नव्हतं मला काही. मला भीती वाटत होती.” श्वास घेतला. “आज पण वाटत होती.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तीन वर्षांचं सगळं बाहेर येणार. पाण्याची टाकी आणि दाराची कडी सांगणाऱ्या माझ्या त्या ठणठणीत आईनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

“आणि मला वाटत नाहीये का?” ती म्हणाली.

आम्हां दोघींनाही, खरं सांगते, हे सुचलंच नव्हतं. मी आठवडाभर तिच्या सूचना लिहून घेत होते, मावशी मोटर खोलत होती, आणि उद्या छाती उघडली जाणार होती ती हिची. मला इतकी शरम वाटली की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

मागं वळले तेव्हा मावशी पलंगावर आईच्या कुशीशी बसलेली होती, कोटासकट, आणि आईनं सुई नसलेल्या हातानं तिचं मनगट पकडून ठेवलं होतं. सहाला नर्स आली आणि म्हणाली, वेळ संपली, एकालाच थांबता येईल, कोण थांबणार?

“मी,” मावशी म्हणाली, आणि जागेवरून हलली नाही.